बहिणीची साक्ष : शहरी गुन्हेकथेतलं घर आणि कायदा

आज मी लोधिवलीतून बोलतोय. समोर बसलेली पंचवीस-तीस मंडळी इथलीच, चौक, मोहोपाडा, खालापूरकडची. बाकीचे तुम्ही सगळे नेहमीप्रमाणे पडद्यापलीकडे. मागे गाड्यांचा आवाज येत राहील, तो जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचा. तो थांबवणं माझ्या हातात नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

या रस्त्याचा आजच्या विषयाशी थोडा संबंध आहे. मी लहानपणी वाचलेल्या रहस्यकथांत आमच्या भागाला एक ठरलेलं काम असायचं. खून व्हायचा मुंबईत, आणि मोटार मध्यरात्री पनवेल मागे टाकून घाटाकडे निघायची. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. शहराच्या गुन्ह्यातलं आमच्या वाट्याला आलं ते फक्त प्रेत!

मागच्या खेपेला आपण प्लेटोचा 'युथिफ्रो' हा संवाद पाहिला. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी विचारलं, "सर, प्लेटो राहू द्या. तुम्ही ज्या रहस्यकथा वाचत मोठे झालात म्हणता, त्यांत बहिणी कुठे असायच्या?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन विचार केला, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न साधा नाही. घराशी इमान आणि कायद्याशी इमान यांची टक्कर होते तेव्हा त्या दोहोंच्या मधोमध बहीण उभी असते, आणि आपल्या गुन्हेकथांनी तिच्याकडे फार उशिरा पाहिलं. आज तेवढंच सांगायचं आहे.

आमचं घर कर्जतचं. मी शाळेत असताना भाड्यानं पुस्तकं देणारी छोटी वाचनालयं गावोगाव होती आणि तिथली सगळ्यात जास्त हाताळलेली, कव्हर फाटलेली पुस्तकं असायची बाबूराव अर्नाळकरांची. अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६. या माणसानं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. काळापहाड, झुंजार, धनंजय ही त्यांची माणसं. आमच्या पिढीला ती शेजारच्या काकांसारखी ओळखीची होती. पुढे गुरुनाथ नाईक आले; त्यांनीही हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मग सुहास शिरवळकर, त्यांचा अमर विश्वास, मंदार पटवर्धन, दारा बुलंद. मराठी वाचकाला वाचनाची चटक लावण्याचं श्रेय या लेखकांना द्यायला आपण विद्यापीठातली माणसं उगाच कचरत आलो.

आता या कथांतलं नात्याचं जग आठवून बघा. नायकाला साथीदार असतो. कधी पत्नी असते. झुंजारची विजया आठवा, ती त्याच्या साहसांत बरोबरीनं असते. पोलिसांतला मित्र असतो. पण नायकाला बहीण? मी वाचलेल्या पुस्तकांपुरतं सांगतो: बहीण बहुतेक तीन जागी भेटायची. एक, तिला कुणीतरी पळवलेलं असायचं. दोन, तिचा खून झालेला असायचा आणि भाऊ सूड घ्यायला निघालेला असायचा. तीन, तिचं लग्न ठरायचं असायचं, आणि त्या लग्नाच्या पैशासाठी भाऊ वाममार्गाला लागायचा. म्हणजे बहीण हे गुन्ह्याचं कारण. तिनं काही ठरवलं, काही लपवलं, काही उघड केलं, असं क्वचितच. आणि दोन बहिणी एकमेकींसाठी उभ्या राहिल्या, असं तर मला आठवतच नाही.

याचा दोष एकट्या मराठी लेखकांच्या माथी मारता येत नाही. ज्या इंग्रजी कथांची सावली आपल्या रहस्यकथेवर पडली, तिथेही साधारण हेच होतं. कॉनन डॉयलची 'द स्पेकल्ड बँड' ही गोष्ट १८९२ सालची. हेलन आणि ज्युलिया स्टोनर या जुळ्या बहिणी. ज्युलिया लग्नाच्या तोंडावर मरते. दोन वर्षांनी हेलनचं लग्न ठरतं आणि तिला त्याच खोलीत झोपावं लागतं. कलकत्त्यात डॉक्टरकी करून आलेला सावत्र बाप आणि हिंदुस्थानातून आणलेला साप, हे आपल्याला जास्त लक्षात राहतं. पण ती गोष्ट सुरू का होते? बहिणीचं शेवटचं बोलणं हेलन विसरलेली नाही म्हणून. एवढं करून ती होम्सच्या खोलीत येते आणि तिथून पुढे गोष्ट होम्सची होते. बहीण फक्त अशील उरते.

त्याच्याही तीस वर्षं आधी विल्की कॉलिन्सनं हे वेगळ्या पद्धतीनं करून दाखवलं होतं. 'द वुमन इन व्हाइट', १८५९-६०. तिथे मेरियन नावाची मुलगी आपल्या सावत्र बहिणीला, लॉराला, लुबाडणाऱ्या नवऱ्याच्या तावडीतून सोडवायला झटते. पावसात, रात्री, ती छपरावर जाऊन बसते आणि खाली चाललेलं कारस्थान ऐकते. होम्स छापून यायच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आधी एक बहीण शोध घेत होती! पण पुढच्या परंपरेनं मेरियनला बाजूला ठेवलं आणि पाइप ओढणाऱ्या एकट्या पुरुषाला उचललं. आपल्याकडे आला तो हाच पुरुष.

आता आपल्या घरात या. मराठी बाईनं जात्यावर जे गायलं त्यात भाऊ किती आहे! माहेरची वाट, भावाची बैलगाडी, भाऊबीज, ओवाळणी. भावाबहिणीच्या नात्याला आपल्याकडे सण आहेत, गाणी आहेत. बहिणी-बहिणींच्या नात्याला तसा एकही सण नाही, बघा. मंगळागौरीला त्या एकत्र खेळतात, पण तिथे त्या नव्या लग्नाच्या मुली म्हणून आलेल्या असतात. दोघी बहिणी लग्न होऊन दोन घरी जातात, आणि मग एकमेकींसाठी काही करायचं तर सासरची परवानगी लागते. ज्या नात्याला हालचालीची मोकळीक नव्हती त्याच्या कथाही कमी झाल्या.

भावासाठी मात्र बहिणीनं काय करावं, याच्या फार जुन्या कथा आहेत. जातककथांमध्ये सदुसष्टाव्या क्रमांकाची कथा आहे, उच्छंग जातक. कोसल देशात दरोडा पडतो. दरोडेखोर पळून जातात आणि जंगलाच्या कडेला नांगरणी करणाऱ्या तीन निरपराध माणसांना लोक पकडून राजापुढे उभं करतात. एक बाई रडत राजवाड्यात येते. त्या तिघांत एक तिचा नवरा, एक भाऊ आणि एक मुलगा. राजा म्हणतो, एकाला सोडतो, कोणाला सोडू ते सांग. ती भावाला मागते. कारण विचारल्यावर म्हणते, नवरा पुन्हा मिळेल, मूलही होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ कुठून आणू? राजा खूश होतो आणि तिघांनाही सोडतो. ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'तही हाच युक्तिवाद जवळपास असाच आहे. राजाची आज्ञा मोडून ती भावाचा अंत्यविधी करते, आणि म्हणते की हे मी नवऱ्यासाठी केलं नसतं.

'अँटिगनी'वर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिलं. हेगेलनं १८०७ सालच्या ग्रंथात बहीण-भावाचं नातं सगळ्यात निर्मळ म्हणून गौरवलं. पण त्या नाटकात आणखी एक बहीण आहे, इस्मिनी. ती आधी घाबरते; पण बहिणीला पकडल्यावर पुढे येऊन म्हणते, मीही यात होते, मलाही शिक्षा द्या. आणि अँटिगनी तिला झिडकारते. मेलेल्या भावासाठी प्राण देणारी जिवंत बहिणीचा हात धरत नाही. मी हे नाटक तीस वर्षं शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं इस्मिनीला एका वाक्यात उरकलं. ती चूक माझी.

आता कायद्याकडे वळू, कारण गुन्हेकथा कायद्याशिवाय उभी राहत नाही. १८६० सालची भारतीय दंड संहिता. तिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्ये केला होता. तिचं कलम २१२ सांगतं की गुन्हेगाराला शिक्षेतून वाचवण्यासाठी आसरा दिला किंवा लपवलं तर तोही गुन्हा. त्याखाली एक अपवाद आहे. लपवणारा नवरा किंवा बायको असेल तर हे कलम लागू नाही. बस, एवढाच अपवाद. आई नाही, बाप नाही, मुलगा नाही, बहीण नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२२ बघा. तिथेही संसारात नवरा-बायको एकमेकांशी जे बोलले त्याला संरक्षण, भावंडं जे बोलली त्याला नाही. १ जुलै २०२४ पासून हे जुने कायदे गेले. भारतीय न्याय संहिता आली, त्यात हा विषय कलम २४९ मध्ये आहे. अपवाद तसाच राहिला आहे, फक्त जोडीदारापुरता.

यामागे इंग्रजांची समजूत होती. त्यांच्या परंपरेत लग्न झालेली बाई आणि तिचा नवरा कायद्याच्या नजरेत एकच व्यक्ती मानली जात. स्वतःला लपवणं हा गुन्हा कसा होईल? पण जातकातली बाई नेमकी उलट सांगत होती: नवरा दुसरा मिळतो, भाऊ नाही. ज्या देशात नात्यांची उतरंड अशी रचलेली होती, तिथे कायदा आला तो दुसऱ्याच घराचा नकाशा घेऊन. सगळीकडे असंच आहे असंही नाही. जर्मनीत भावंडांनाही एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायला नकार देता येतो. कन्फ्यूशिअसला एकानं अभिमानानं सांगितलं होतं, आमच्याकडे बापानं मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो. त्यावर कन्फ्यूशिअसचं म्हणणं पडलं की आमच्याकडे बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, आणि सरळपणा त्यातच आहे.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर घरातली एक गोष्ट सांगतो. १९७४ चा मे महिना. ८ तारखेला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला, आणि तो वीस दिवस चालला. कर्जत म्हणजे रेल्वेचं गाव. घाट चढताना गाडीला मागून इंजिन लागतं, ते कर्जतला. माझा थोरला भाऊ रेल्वेत होता. संप बेकायदा ठरवलेला, पकडापकडी चाललेली. दादा दोन दिवस बाहेर लपला आणि तिसऱ्या रात्री घरी आला. मी सुट्टीत घरी होतो. ताईनं त्याला माळ्यावर चढवलं आणि शिडी काढून मागच्या पडवीत ठेवली. पहाटे पोलीस आले.

दारात ताई गेली. वहिनीला तिनं स्वयंपाकघरातच थांबवलं. म्हणाली, "तुझं तोंड बघून कुणालाही कळेल, तू बाहेर येऊ नकोस." पोलिसांना सांगितलं, "दादा मावशीकडे गेलेत, अलिबागला." आवाज जराही हलला नाही. मग त्यातला एकजण आत वाकला. माझी धाकटी बहीण तिथे अंथरुणात उठून बसली होती, चौदा वर्षांची. त्यानं तिला प्रेमानंच विचारलं, "बाळ, दादा कधी गेला?" ती ताईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परवा." पोलीस गेले. मी, घरातला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, भिंतीला टेकून उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी मी ते कलम २१२ नीट वाचलं आणि ताईला फोन केला. म्हटलं, "ताई, कायद्यानं वहिनीला सूट होती, तुला नव्हती. तू आत आणि वहिनी दारात, असं हवं होतं." ताई खूप हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "मी खोटं बोलले त्याचं मला काही वाटलं नाही रे. पण तिला बोलायला लागलं, ते अजून सलतं." हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता पुन्हा शहराकडे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. लालबाग-परळमधल्या घरांचं त्यानंतर जे झालं, त्यातून मराठी गुन्हेकथेला खरा जीव मिळाला असं मी मानतो. जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक १९९७ साली आलं. त्यावरून २०१० मध्ये महेश मांजरेकरांनी 'लालबाग परळ' केला. धुरी कुटुंब: आई, तीन भाऊ आणि मंजू ही बहीण. धाकटा नरू टोळीत जातो. अर्नाळकरांच्या कथेत गुन्हा बाहेरून घरात यायचा; पवारांच्या नाटकात तो जेवणाच्या ताटाशेजारी वाढतो. घरात पैसे नसताना नरूच्या खिशात ते कुठून आले, हे प्रत्येकाला माहीत आहे आणि कुणी विचारत नाही. कुटुंबाच्या इमानाचं सगळ्यात रोजचं रूप म्हणजे न विचारणं.

याच काळात शहरानं आणखी एक गोष्ट केली. गुन्हेगारीनं नात्यांचे शब्द उचलले. भाई, दादा, अण्णा. दगडी चाळीत 'डॅडी' आणि 'मम्मी'. नागपाड्यात हसीना पारकरला लोक 'आपा' म्हणत. टोळी स्वतःला घर म्हणवून घेते, कारण घराला प्रश्न विचारायचे नसतात. आता गंमत पाहा, मराठी 'ताई' हा शब्द या यादीत गेला नाही. ताई अंगणवाडीत आहे, दवाखान्यात आहे, राजकारणातही आहे. टोळीत नाही. का, ते समाजशास्त्रज्ञांनी शोधावं. मला वाटतं, ताई हा शब्द हुकमाचा कमी आणि सांभाळण्याचा जास्त आहे.

पडद्यावर मात्र निकाल द्यायचं काम आईकडे गेलं. १९५७ च्या 'मदर इंडिया'त राधा स्वतःच्या मुलाला गोळी घालते. सावकाराची मुलगी तो पळवत असतो. ती दुसऱ्याची लेक आहे म्हणून. १९९९ च्या 'वास्तव'मध्ये रीमा लागूंनी केलेली आई रघूला संपवते. पण तिथे कारण वेगळं आहे: त्याची दशा तिला बघवत नाही. या दोन गोळ्यांमध्ये बेचाळीस वर्षांचं अंतर आहे आणि विचारातही तेवढंच. पहिली आई घराबाहेरच्या मुलीकडे बघून निर्णय घेते. दुसरी आई फक्त आपल्या मुलाकडे बघते. रघूनं ज्यांना मारलं त्यांच्या आया 'वास्तव'च्या शेवटी आपल्या डोळ्यांसमोर नसतात.

आता एका खऱ्या प्रकरणाविषयी बोलायलाच हवं. ते टाळून बहिणींच्या एकजुटीचं कौतुक करणं अप्रामाणिक ठरेल. कोल्हापूरचं अंजनाबाई गावित प्रकरण. अंजनाबाई आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. गर्दीच्या ठिकाणी चोऱ्या करताना आडोसा म्हणून लहान मुलं पळवायची, आणि नंतर त्यांतल्या काहींना मारून टाकायचं. १९९६ मध्ये त्या पकडल्या गेल्या. आई खटल्याआधीच तुरुंगात मेली. कोल्हापूरच्या न्यायालयानं २००१ साली दोघी बहिणींना फाशी सुनावली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये, दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला झालेल्या दिरंगाईमुळे, मुंबई उच्च न्यायालयानं फाशीऐवजी जन्मठेप दिली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला होता. ज्या एका नात्यावर १८६० च्या कायद्यानं विश्वास टाकला, ते नातं सरकारी बाजूला जाऊन उभं राहिलं.

आई आणि मुली, बहीण आणि बहीण. वर्षानुवर्षं एकत्र, कुणी बाहेर वाच्यता नाही. नुसत्या शब्दाकडे पाहिलं तर हेसुद्धा इमान आहे. म्हणून मी म्हणतो, घराशी इमान हा आपोआप सद्गुण होत नाही. त्या घराच्या दाराबाहेर कोण आहे, हे विचारल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. इथे दाराबाहेर दुसऱ्यांची मुलं होती.

इथे युथिफ्रोकडे जाऊ. युथिफ्रो स्वतःच्या बापावर खुनाचा खटला भरायला निघालेला असतो. बापानं एका मजुराला बांधून खंदकात टाकलं, आणि तो थंडी-भुकेनं मेला. सॉक्रेटिस म्हणतो, मेलेला तुझा नातेवाईक असणार, परक्यासाठी कोण बापाला कोर्टात खेचेल? युथिफ्रो उत्तर देतो, मेलेला आपला की परका यानं काय फरक पडतो? प्लेटोनं युथिफ्रोला बराचसा पोकळ, स्वतःवर खूश असलेला माणूस म्हणून रंगवलंय, आणि विद्यार्थी त्याला हसतात. मीही हसायचो. पण त्याचा तो एक प्रश्न बरोबर आहे. चांगल्या गुन्हेकथेनं तो प्रश्न विचारलाच पाहिजे.

अलीकडची एक कथा हा प्रश्न विचारते. 'दृश्यम'. मूळ मल्याळम सिनेमा जीतू जोसेफ यांचा, २०१३ चा. हिंदीत २०१५ मध्ये आपल्या निशिकांत कामतांनी केला आणि गोव्यात आणून ठेवला. विजय साळगावकर, बायको नंदिनी, दोन मुली, अंजू आणि अनू. थोरलीची चित्रफीत काढून धमकावणारा मुलगा तिच्या हातून मारला जातो. पुढे सगळं कुटुंब एकच खोटं पाठ करतं. प्रेक्षक पूर्णपणे त्यांच्या बाजूनं. मीही थिएटरात त्यांच्याच बाजूनं होतो. पण कामतांच्या सिनेमात दोन गोष्टी आहेत ज्या जुन्या रहस्यकथेत नव्हत्या.

पहिली: मेलेल्या मुलाची आई. मीरा देशमुख पोलीस अधिकारी आहे, तिचं वागणं क्रूर आहे. पण ती आई आहे, आणि शेवटी तिला हवं असतं ते एवढंच, आपला मुलगा आहे की नाही हे कळावं. म्हणजे इथे घर आणि कायदा असा सामना उरत नाही, दोन घरं समोरासमोर येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे धाकटी अनू. सगळ्यांत लहान, आणि तिला सगळं माहीत. बहिणीला वाचवायचं असेल तर तिनं खोटं बोलायचं आहे. चौकशीत मार तिला बसतो आणि तोंड उघडतं तेही तिचंच. बापाच्या हुशारीला आपण टाळ्या वाजवतो, पण त्या हुशारीचा हप्ता ती मुलगी फेडते. मला थिएटरात आमच्या घरातलं ते अंथरूण आठवलं, आणि "परवा" हा शब्द.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुमच्या दादानं कुणाचा खून केला नव्हता. बरोबर आहे, आणि फरक तिथेच आहे. संपावर गेलेल्या माणसाला लपवताना दाराबाहेर कुणाची आई रडत नव्हती. ताईचं खोटं आणि साळगावकरांचं खोटं, शब्द एकच आणि माणसंही तितकीच प्रेमळ. पण दुसऱ्या खोट्याखाली एक प्रेत आहे. कायद्याला हा फरक शिक्षेच्या वर्षांत मोजता येतो. मनातला हिशोब कथेलाच मांडावा लागतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. भावाला किंवा बहिणीला आसरा देणाऱ्या बहिणीला कायद्यानं जोडीदारासारखीच सूट द्यावी, असं मला वाटतं. कुणी म्हणेल, असं केलं तर अख्खी घरं गुन्हेगाराभोवती भिंत होऊन उभी राहतील. कोल्हापूरचं उदाहरण मीच दिलंय. पण तिथे सगळ्यांनी मिळून गुन्हे केले होते. त्यांना ही सूट लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. मी बोलतोय ते त्या बाईबद्दल जिनं स्वतः काही केलं नाही, फक्त दार उघडलं. तिच्याकडून राज्यानं रक्ताच्या माणसाला पकडून देण्याची अपेक्षा धरू नये. ती अपेक्षा बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि आवाक्याबाहेरचं वागणं सक्तीनं मागणारा कायदा माणसांना फक्त खोटं बोलायला शिकवतो.

पण कथेनं मात्र तिला एवढ्या सहज सोडू नये. कथेनं तिच्या शेजारी बसावं, तिची भीती समजून घ्यावी, आणि मग तिला विचारावं की दाराबाहेर कोण आहे ते पाहिलंस का? आणि घरात कोण लहान आहे, ज्याच्या तोंडी तू हे घातलंस? आपल्या रहस्यकथांनी पन्नास-साठ वर्षं बहिणीला पळवलं, मारलं, तिचं लग्न लावलं. तिला हा प्रश्न विचारला नाही. ज्या दिवशी मराठी गुन्हेकथा दोन बहिणींना समोरासमोर बसवून हा प्रश्न विचारील, त्या दिवशी मेरियन आणि इस्मिनी दोघींना मराठीत घर मिळेल.

ज्या बाईंनी प्रश्न विचारला होता, त्यांना माझं उत्तर असं: बहिणी होत्या, बाई. आम्ही त्यांना माळ्याखाली उभं करून ठेवलं होतं आणि वरती कोण लपलंय याच्याच गोष्टी सांगत होतो.

माझी धाकटी बहीण आता पासष्टीला आलीय. ती या मालिकेतली व्याख्यानं ऐकते, आजही ऐकत असणार. बोलण्याआधी मी तिची परवानगी घेतली होती. ती म्हणाली, "सांग. पण एक दुरुस्ती कर. मी घाबरून 'परवा' म्हटलं असं तुम्ही सगळे समजता. मी घाबरले नव्हते. दादा सापडला असता तर ताईला पकडलं असतं, म्हणून म्हटलं." पन्नास वर्षं आम्ही समजत होतो की ती भावासाठी खोटं बोलली. ती बहिणीसाठी बोलली होती.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.